अठराचा आकडा तेव्हा नव्हता

बसा खाली. ढाल कपाटावरच राहू दे, तिचं कौतुक काल प्रार्थनेच्या वेळी झालंय. आज मला तुमच्या भाषणांबद्दल बोलायचंय. माझं बोलून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

विषय काय होता? शत्रूला रोखण्यासाठी आपल्याच निरपराध माणसांचा बळी देणं समर्थनीय आहे का. उदाहरण तुम्ही दोघांनी मिळून निवडलंत, नॉर्वेतल्या 'हायड्रो' बोटीचं. निवड चांगली होती. पण त्या उदाहरणाचं तुम्ही काय केलंत? अनुकूल बाजूने उभा राहिला त्याने दीड मिनिटात निकाल लावला. एका पारड्यात अठरा माणसं, दुसऱ्या पारड्यात लाखो, तराजू कुठे झुकतो ते शेंबड्या पोरालाही कळेल म्हणे. टाळ्या पडल्या. प्रतिकूल बाजूने बोलली तिने त्याहून कमी वेळ घेतला. जर्मनीकडे अणुबॉम्ब होणारच नव्हता हे पुढे सिद्ध झालं, म्हणजे अठरा जीव फुकट गेले आणि बोट बुडवणारे खुनी ठरले. पुन्हा टाळ्या. परीक्षकांनी आवाजाला, हातवाऱ्यांना, पाठांतराला गुण दिले. मी त्या खुर्चीत असते तर दोघांनाही तिथेच थांबवून विचारलं असतं की हे तुम्ही कुठे वाचलंत, आणि किती पानं वाचलीत.

उत्तर मला माहीत आहे. मोबाइलवर पाच मिनिटं. तेवढ्या भांडवलावर तुम्ही मेलेल्या माणसांचा हिशेब मांडलात, आणि ज्यांनी त्यांना मरू दिलं त्यांचाही.

आता नीट ऐका. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे घेतला. तिथल्या टेलेमार्क भागात र्युकान नावाचं गाव आहे, उंच डोंगरांमधल्या अरुंद दरीत बसलेलं. त्याच्याजवळ वेमोर्कला मोठं जलविद्युत केंद्र होतं आणि खताच्या उद्योगासाठी लागणारा हायड्रोजन तिथे तयार व्हायचा. त्याच प्रक्रियेत जड पाणी निघायचं. जर्मन शास्त्रज्ञांना ते अणुभट्टीसाठी हवं होतं, आणि एवढ्या प्रमाणावर ते बनवणारी दुसरी जागा युरोपात नव्हती. म्हणून ब्रिटिशांचा वेमोर्कवर डोळा. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी दोन ग्लायडरमधून सैनिक पाठवले. दोन्ही ग्लायडर कोसळले. त्या मोहिमेत ४१ जण गेले, आणि अपघातातून जिवंत राहिलेल्यांना जर्मनांनी मारून टाकलं, अंगावर गणवेश असूनसुद्धा. हे सगळं टेलेमार्कच्या माणसांना ठाऊक होतं. 'बोट बुडवली' असं तुम्ही जे एका दमात म्हणून टाकलंत, त्याच्या मागे एवढं होतं.

मग २७ फेब्रुवारी १९४३ ची रात्र. योआकिम रोनेबर्गच्या तुकडीतले नॉर्वेजियन तरुण बर्फातून दरी उतरले, पलीकडचा चढ चढले आणि कारखान्याच्या तळघरात शिरले. आत एक नॉर्वेजियन कामगार रात्रपाळीला होता. स्फोटकं लावून झाली, वात पेटवायची एवढंच राहिलं, तेव्हा तो माणूस म्हणाला, माझा चष्मा सापडत नाही. युद्धाच्या दिवसांत नवा चष्मा मिळणं मुश्कील होतं. बाहेर जर्मन पहारा. एकेक क्षण मोलाचा. आणि या पोरांनी काय केलं? चष्मा शोधला. शोधून त्याच्या हातात दिला. मग वात पेटवली. कारखान्याचं नेमकं यंत्र उडालं, त्या रात्री गोळी एकही सुटली नाही, माणूस एकही मेला नाही. जाताना त्यांनी ब्रिटिश बंदूक मुद्दाम मागे टाकली, अंगावरही ब्रिटिश गणवेश होते, कारण हे काम परक्या सैनिकांचं आहे असं जर्मनांना वाटलं तर गावकऱ्यांवर सूड कमी उगवला जाईल.

तुमच्या भाषणात हा चष्मा का नव्हता? ज्या लोकांना तू खुनी म्हणालीस, ते याच फळीतले लोक होते. त्यांना माणसाच्या चष्म्याचीही किंमत कळत होती. हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी काय झालं ते कळत नाही, आणि तुम्ही थेट पुढच्या वर्षावर उडी मारलीत.

यंत्र जर्मनांनी काही महिन्यांत पुन्हा चालू केलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानांनी वेमोर्कवर आणि र्युकानवर बॉम्ब टाकले. वीसहून अधिक नॉर्वेजियन नागरिक मेले आणि तळघरातलं जड पाणी बहुतेक तसंच राहिलं. मग जर्मनांनी ठरवलं की उरलेला साठा जर्मनीलाच हलवायचा. पिंपं रेल्वेच्या वाघिणीत चढवायची, वाघिणी टिन्स्यो सरोवराच्या काठाला न्यायच्या, तिथून 'हायड्रो' या वाफेच्या बोटीवर घालून पलीकडे. बोटीवर वाघिणी असायच्या आणि प्रवासीही असायचे. रोजचे, तिकीट काढून जाणारे, गावचे लोक.

याच फळीतला क्नुट हाउकेलिद त्या भागात लपून राहत होता. त्याने पर्याय तपासले. कारखान्यावर पुन्हा हल्ला करायला पहारा आता फार कडक होता. आगगाडीवर हल्ला केला असता तर चकमक झाली असती आणि सूड गावावर उगवला गेला असता. सूड म्हणजे काय, तेही ऐका. १९४२ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेलावोग या गावात दोन गेस्टापो अधिकारी मारले गेले. जर्मनांनी सगळं गाव जाळलं, बोटी बुडवल्या, गावातले पुरुष जर्मनीत साक्सनहाउझेनच्या छळछावणीत नेले. त्यातले ३१ परत आले नाहीत. तेव्हा 'परिणामांची पर्वा न करता' हे जे वाक्य तू टाळीसाठी फेकलंस, ते माघारी घे. परिणामांची पर्वा हाच त्यांचा रात्रंदिवसाचा उद्योग होता.

उरली बोट. बोट बुडवायची तर आपलीच माणसं बुडणार. र्युकानमध्ये जे थोडे लोक या कटात होते, त्यातल्या काहींनी विचारलं, हे एवढ्या मोलाचं आहे का? जर्मनांची पद्धत मुळातच फारशी चांगली नाही असं इथल्या जाणकारांना वाटतं, मग एवढी किंमत कशाला? ती शंका वायरलेसवरून लंडनला गेली. उत्तर लवकर आलं: विचार झालेला आहे, जड पाणी नष्ट होणं अत्यंत महत्त्वाचं आहे, फार भयंकर परिणाम न होता ते जमेल अशी आशा आहे.

इथे तुमच्यातला तो तिसरा, बदली वक्ता, तयारीच्या वेळी मला काय म्हणाला होता? बाई, हुकूम वरून आला ना, मग जबाबदारी लंडनची. त्याला मी तेव्हाच थांबवायला हवं होतं, आज थांबवते. त्यांनी प्रश्न विचारला याचाच अर्थ जबाबदारी आपली आहे हे त्यांना कळत होतं. ज्याला आपली जबाबदारी वाटत नाही तो विचारत नाही, हुकमाची वाट बघतो. आणि लंडनचा कुणी साहेब त्या रात्री बोटीत उतरला नव्हता.

त्या रात्री, १९ फेब्रुवारी १९४४ ला, बोटीत उतरले ते तिघे. हाउकेलिद, रोल्फ सोर्ली आणि क्नुट लिअर-हान्सेन. जर्मनांनी आगगाडीभोवती पहारा ठेवला होता, बोटीवर ठेवला नव्हता. खाली खलाशी मोठमोठ्याने पत्ते खेळत होते. हे तिघे तळाकडे जायची वाट शोधत असताना बोटीवरचा पहारेकरी समोर आला. नॉर्वेजियनच. लिअर-हान्सेनने त्याला सांगितलं की गेस्टापो आमच्या मागे आहे, लपायला जागा हवी. त्या माणसाने आरडाओरडा केला नाही. त्यानेच त्यांना तळात उतरायचं झाकण दाखवलं. लिअर-हान्सेन त्याच्याशी गप्पा मारत वर थांबला, आणि बाकीचे दोघे खाली गार पाण्यात गुडघ्यांवर बसून बोटीच्या नाळेकडच्या भागात स्फोटकं लावू लागले. साधारण साडेआठ किलो, सॉसेजसारख्या लांब गुंडाळीत, गोल मांडलेली. नाळेकडे एवढ्यासाठी की पुढचा भाग खाली गेला की मागचं सुकाणू आणि पंखा पाण्याबाहेर येतो, मग कप्तानाला बोट काठाला लावता येत नाही. गजराची दोन घड्याळं जोडली. वेळ लावली सकाळी पावणेअकराची, म्हणजे बोट सरोवराच्या खोल भागावर असेल तेव्हाची. तिथे पाणी ४०० मीटरच्या वर खोल आहे. पाणी जितकं खोल, तितकी ती पिंपं कुणाच्या हाती लागायची भीती कमी, आणि काठ जितका लांब, तितकी माणसं वाचायची आशा कमी. घड्याळाच्या एका काट्यावर दोन्ही गोष्टी बसलेल्या.

काम संपवून ते वर आले. पहारेकरी तिथेच. आता सांगा, त्याला काय सांगायचं? खरं सांगितलं तर तो कप्तानाला सांगेल, किंवा बायकोला, किंवा नुसता घाबरून सकाळी कामावर येणार नाही. बोटीचा पहारेकरी गायब झाला की जर्मनांना वास लागणार, माल हलणार नाही, सगळं फुकट. बरोबर न्यावं तरी तेच. न सांगता सोडावं तर आपल्याला आसरा देणाऱ्या माणसाला आपण घड्याळावर बसवून चाललोय. हाउकेलिदने पुढे लिहिलंय की वेमोर्कच्या हल्ल्यानंतर दोन नॉर्वेजियन पहारेकऱ्यांना जर्मनांनी छावणीत पाठवलं होतं, ते त्याला त्या क्षणी आठवलं. आणखी एक आपला माणूस जर्मनांच्या हातात द्यायचा नाही, असं मनात आलं. पण सांगताही येईना. शेवटी त्याने पहारेकऱ्याचा हात हातात घेतला आणि आभार मानले. एवढे आभार कशाबद्दल, ते त्या माणसाला कळलं नाही.

ही जागा तुम्ही दोघांनी गाळलीत. अख्ख्या प्रकरणात जिथे प्रश्न जिवंत होता, ती हीच जागा. तिथे लाखो नव्हते. तिथे समोर एक माणूस होता आणि त्याने थोड्या वेळापूर्वी झाकण दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी प्रवासी कमी असतात, तेही मनात धरलेलं होतं. 'हायड्रो' दहाच्या सुमारास सुटली, ठरल्या वेळी स्फोट झाला, काही मिनिटांत बोट गेली. काठावरचे शेतकरी होड्या घेऊन धावले आणि हाताला लागेल त्याला त्यांनी बाहेर काढलं. १८ मेले. १४ नॉर्वेजियन, ४ जर्मन.

आता तुझ्याकडे येते, अनुकूलवाल्या. अठरा विरुद्ध लाखो. मला सांग, १९ तारखेच्या रात्री अठरा हा आकडा कुठे होता? कुणाकडेच नव्हता. दहा मेले असते, चाळीस मेले असते, बोटीवर लहान मुलांची सहल असती तर काय झालं असतं? जो आकडा घटना घडल्यावर जन्माला आला तो तू घटनेच्या आधीच्या पारड्यात टाकलास. आणि दुसऱ्या पारड्यातले लाखो? तेही कुणी मोजलेले नव्हते. ती भीती होती. खरी, प्रामाणिक, आधार असलेली भीती, पण भीतीच. म्हणजे एका बाजूला अजून न झालेले मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला कदाचित होणारे मृत्यू, आणि त्यांच्यात वजन करायला तराजू नव्हताच. तुझ्या भाषणातला तराजू तू घरून आणला होतास. तू गणितात चुकलास असं मी म्हणत नाही, जिथे गणित नव्हतं तिथे तू गणित मांडलंस असं म्हणतेय, आणि ही चूक त्याहून मोठी आहे. कारण उद्या कुणीही येऊन तुला सांगेल की अमुक इतके मेले तर तमुक इतके वाचतील, आणि तू आकडे न तपासता टाळी वाजवशील.

आणि तू. जर्मनीचा बॉम्ब होणारच नव्हता म्हणालीस. बरोबर आहे, १९४२ च्या मध्यालाच जर्मनांनी बॉम्बसाठी सगळी ताकद लावायची नाही असं ठरवलं होतं. पण हे दोस्त राष्ट्रांना पक्कं कधी कळलं? १९४४ च्या शेवटी आणि १९४५ मध्ये, जेव्हा त्यांची माणसं युरोपात शिरून कागद तपासायला लागली तेव्हा. डोंगरातल्या झोपडीत वायरलेस घेऊन बसलेल्या माणसाला ते कसं कळावं? शिवाय तू अर्धंच वाचलंस. जर्मनीत हायगेरलोखला शास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या गटाने १९४५ च्या सुरुवातीला शेवटची अणुभट्टी उभारली, तीही पेटली नाही, आणि त्यांना कमी पडलेल्या गोष्टींत जड पाणी होतं. म्हणजे बोट बुडाल्याने काहीच झालं नाही असं म्हणायला तुला जागा नाही, आणि बोट बुडाल्यानेच जग वाचलं असं म्हणायला त्याला जागा नाही. पुढचा निकाल हातात घेऊन मागच्या माणसाला फटके मारणं सोपं असतं. ते इतिहासाच्या वहीत चालत नाही. निदान माझ्या वर्गात तरी नाही.

'खुनी' हा शब्द तू सहज वापरलास, आणि समोरच्याने 'हुतात्मा', 'वीर' हे शब्द तितक्याच सहज. तुम्हा दोघांनाही एकच गोष्ट नको होती. केलेलं बरोबर असेल आणि तरीही ते केल्याचा भार राहील, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. म्हणून एकाने भार उडवून टाकला आणि दुसरीने बरोबर असण्याची शक्यताच उडवून टाकली. मरणारे चौदा नॉर्वेजियन लोक कुणाच्याही बाजूने उभे राहिले नव्हते. त्यांना विचारलंच नव्हतं. आपल्या देशासाठी मरायला तयार असणं वेगळं, आणि आपल्याला न विचारता दुसऱ्याने ते ठरवणं वेगळं. हाउकेलिद स्वतः मरायला तयार होता, हे त्याचं शौर्य. पण त्याचं शौर्य त्या प्रवाशांच्या संमतीच्या जागी भरता येत नाही. आणि एवढं मान्य करूनही, त्या रात्री मी तिथे असते तर घड्याळं काढून घेतली असती का? नाही. मी लावू दिली असती. हे माझं मत आहे, आणि ते सांगताना मला टाळी नको आहे.

आता शेवटचं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. भाषणाच्या शेवटी टाळी हमखास पडावी म्हणून तू आपल्या पत्री सरकारचा दाखला दिलास. खबऱ्यांच्या पायांना पत्र्या ठोकल्या, विषय संपला, असं म्हणालास. आणि सभागृहात हशा झाला. हशा! क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात उभं राहिलं, आपल्या आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच आला. तुफान सेना होती, गावोगाव न्यायदान मंडळं होती, सावकारांच्या आणि दरोडेखोरांच्या तक्रारी तिथे चालायच्या. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. हे तुला तोंडपाठ आहे, कारण दर वर्षी ९ ऑगस्टला आपण म्हणतो. पण त्याच माणसांपुढचे प्रश्न तुला ठाऊक नाहीत.

काँग्रेसच्या मुशीत वाढलेली, अहिंसेच्या सभांना गेलेली ही माणसं. त्यांनी हातात बंदूक घेतली. १९४४ च्या मे महिन्यात गांधीजी तुरुंगातून सुटले आणि भूमिगतांनी उघड व्हावं असं त्यांनी सांगितलं. देशभरात पुष्कळजण उघड झाले. साताऱ्याच्या भूमिगतांनी काम चालू ठेवलं. ज्याच्या शब्दाखातर घर सोडलं त्याचाच शब्द मोडायचा, कारण आपण बाहेर आलो तर ज्या गावांनी आपल्याला भाकरी दिली त्यांच्यावर पोलीस तुटून पडतील. हा पेच तुला हशा पिकवायला सापडला? आणि खबऱ्या कोण, हे ठरवायचं कसं? रात्रीच्या बैठकीत, वकील नाही, वरचं कोर्ट नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवलेलं. खरा खबऱ्या मोकळा सुटला तर दहा घरं उघडी पडणार, आणि भाऊबंदकीपायी कुणी खोटं नाव दिलं तर निरपराध माणूस जन्माचा अधू होणार. ज्यांनी न्याय केला त्यांची पतवंडं आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांची पतवंडं आपल्या तालुक्यात एकाच एसटीने शाळेला येतात. या वर्गात एका बाकावर बसलेलीही असू शकतील. सभागृहात हसताना त्यातलं कुणी खाली मान घालून बसलं होतं का, हे तू पाहिलंस? मी पाहत होते.

त्या चळवळीबद्दल मला आदर आहे. तुझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणूनच हे बोलतेय. ज्यांनी असे निर्णय घेतले त्यांना रात्री झोप लागत नसेल तर तो त्यांचा मोठेपणा होता, आणि तू त्यांना झोप न लागणारी माणसं राहू दिलं नाहीस, फलकावरची चित्रं केलंस.

शनिवारी प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची. फक्त स्पर्धेच्या तिघांनी नाही, सगळ्यांनी. १९ फेब्रुवारी १९४४, रात्र, 'हायड्रो' बोट. हाउकेलिदला त्या क्षणी जे माहीत होतं तेवढंच वापरायचं. काय माहीत होतं आणि काय नव्हतं याची आधी यादी करा, मग लिहा. अठरा हा आकडा कुठेही दिसला तर ते पान मी तपासणार नाही. 'लाखो' दिसला तरी नाही. पहारेकऱ्याला तुम्ही काय सांगाल ते स्पष्ट लिहायचं, आणि काही सांगणार नसाल तर त्याच्याशी हात मिळवाल की नाही तेही. 'परिस्थितीनुसार' असं लिहून सुटायचं नाही. परिस्थिती मी तुम्हाला आत्ताच सांगितली आहे.

पत्री सरकारबद्दल ज्याला लिहायचंय त्याने आधी घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसायचं, निदान तासभर, आणि मध्ये त्याला तोडायचं नाही. जिल्ह्याच्या फेरीला कोण जाणार ते मी वह्या वाचून ठरवीन, कालच्या ढालीवरून नाही. ज्याला आत्ता काही विचारायचंय त्याने हात वर करा. एकेकाने.